पंगतीतला रोजगार आणि हजेरीपटाबाहेरचा मजूर

शिराळ्यासारख्या तालुक्याच्या गावी बेकार पदवीधरांना उपदेश करायला येणाऱ्या पाहुण्यांना अलीकडे एक नवा मंत्र सापडला आहे. नोकरीच्या मागे लागू नका, केटरिंगमध्ये या. तेथे संधीच संधी आहेत! ज्याने हयातभर अर्थशास्त्र शिकवले, त्याला मात्र एकच प्रश्न सुचतो. या संधीचा हजेरीपट कोठे आहे?

काम नाही असे कोणीच म्हणत नाही. काम उदंड आहे. वैशाखातल्या दाट तिथीला मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात जाऊन पाहावे. आचारी, त्याच्या हाताखालची माणसे, पोळ्या लाटणाऱ्या बाया, वाढपी पोरे, आणि खरकट्यात कोपरापर्यंत हात बुडवून बसलेल्या भांडीवाल्या. पहाटेपासून शेवटचे पातेले टेम्पोत चढेपर्यंत यांचा दिवस संपत नाही. अशाच एका पंगतीत माझ्या पानात जिलबी वाढणाऱ्या मुलाने एकाएकी मान खाली घातली. तो माझ्या शेवटच्या वर्गातला विद्यार्थी निघाला. तिथी नसेल त्या दिवशी काय करतोस, असे विचारल्यावर तो नुसता हसला. उकळते तेल अंगावर सांडले तर दवाखान्याचा खर्च कोणी करायचा? कार्यालयाच्या मालकाने, केटररने की वधूपित्याने? तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मजूर घरी जाऊन हळद लावतो.

कायदा या मजुराच्या बाजूने उभा राहील अशी कोणाची समजूत असेल तर ती सोडावी. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना नोंदणीतून मोकळे केले. नुसती सूचना दिली की काम भागले. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्यास मान्यता दिली. कागदावर दोन-तीन माणसे दाखवून शंभर पाने उठवणाऱ्या ठेकेदाराला याहून मोठा आहेर कोणता?

मुंबईत 1954 मध्ये लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने केटरिंगचे महाविद्यालय निघाले. तेथून शिकलेली मुले मोठ्या हॉटेलांत गेली, त्यांचे कौतुकच आहे. पण पाहुणे ज्या शिडीचे वर्णन करतात तिची पहिली पायरी शिराळ्यापासून फार दूर आहे. गावात सरकारने दिलेली ‘संधी’ पाहायची तर शाळेच्या पोषण आहाराची चूल पाहावी. केंद्राने 2009 मध्ये स्वयंपाकी बाईसाठी महिना एक हजार रुपये ठरवले, तेही वर्षातील दहा महिन्यांपुरते. राज्याने भर घालून 2023 मध्ये आकडा अडीच हजारांवर नेला. त्याला वेतन म्हणायचे नाही, मानधन म्हणायचे. वेतन म्हटले की किमान वेतनाचा कायदा आठवतो ना!

ही जुनीच युक्ती आहे. गिरणगावात सातारा-सांगलीकडच्या कामगारांना जेवू घालणारी खानावळवाली बाई शिरगणतीत गृहिणीच राहिली. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात उभे केले, तेव्हा कोठे त्यांच्या चुलीला धंदा मानले गेले. आम्हा अर्थशास्त्रज्ञांना ते आधी सुचले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

आता उपायाविषयी. माथाडीला रोज नवा मालक असतो, तेव्हा त्याला नियमित वेतन देणे शक्य नाही, असेच व्यापारी सांगत होते. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखालील लढ्यानंतर 1969 चा कायदा आला. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची व मंडळाने मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, उपचार यांची तजवीज करायची, अशी रीत बसली. आपल्याच डोंगरातून मुंबईला गेलेल्या माणसांनी ती बसवली. आचारी-वाढप्यांचे मंडळ याच धर्तीवर का होऊ नये? कार्यालयाच्या वहीत तारीख, पानांची संख्या, केटररचे नाव सारे लिहिलेलेच असते. तारीख पक्की करतानाच लेव्ही घ्यावी.

लग्ने महागतील, असा आक्षेप येईल. स्टेजच्या फुलांनी आणि डीजेच्या भिंतींनी जो बाप मोडत नाही, तो भांडीवालीच्या निधीने मोडेल काय? आणि खरा गरीब बाप अंगणात मांडव घालतो, भावकीच्या हाताने पंगत उठवतो. त्याच्यावर लेव्ही लावा असे कोणीच म्हणत नाही.

आपणही, साथींनो, या अंगणात कधी गेलो नाही. सभेनंतरचे जेवण याच माणसांनी रांधले, पण त्यांची नावे आपल्या सभासद-वहीत नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर तिथी सुरू होतात. त्याआधी शिराळा तालुक्यातल्या या कामगारांची यादी घरोघर जाऊन करता येईल. पोळ्या लाटणाऱ्या बायांपासून सुरुवात करावी, कारण ठेकेदाराला विचारले तर तो त्यांना मोजणारच नाही.