क्रियापद कुठे बसते?

गेल्या आठवड्यात एक पालक मुलीला घेऊन घरी आले. मुलगी बारावीला. म्हणाले, "सर, हिचं इंग्रजी सुधारतच नाही. हिची आई मराठी, आम्ही कन्नड. दोन भाषांनी सगळा गोंधळ केलाय. आता घरात फक्त इंग्रजी बोलायचं ठरवलंय." मुलगी मान खाली घालून बसली होती. घरातल्या आजीला इंग्रजी येत नाही. म्हणजे आजीशी बोलणंच बंद!

मी मुलीला एक वाक्य लिहायला सांगितलं. 'आजीने मुलीला आंबा दिला.' त्याखाली कन्नडमध्ये, 'अज्जि हुडुगिगे माविनहण्णु कोट्टळु.' शब्दाखाली शब्द बरोबर बसला. दोन्ही भाषांची कुळं वेगळी, पण वाक्याची बैठक एकच. क्रियापद शेवटी. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये तर मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या आणि त्यांची वाक्यरचना जवळजवळ एकसारखी झाली. गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली त्यावर लिहिलेला लेख भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहे.

मग तिसरी ओळ लिहिली. 'द ग्रँडमदर गेव्ह द गर्ल अ मँगो.' इथे क्रियापद शेवटची जागा सोडून कर्त्याला खेटून बसलं.

आता शब्द हलवून पाहा. 'मुलीला आजीने आंबा दिला' म्हटलं तरी देणारी आजीच, कारण 'ने' आणि 'ला' सोबत आहेत. कन्नडमध्ये तेच काम 'गे' करतो. इंग्रजीत मात्र आजी आणि मुलीच्या जागा बदला, की आंबा देणारी मुलगी होते! हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तिप्रत्यय होते. पुढच्या काही शतकांत ते झिजले आणि त्यांचं काम जागेवर येऊन पडलं.

मुलीच्या वहीत एक वाक्य होतं, 'माय सिस्टर अ लेटर रोट.' शब्द सगळे बरोबर, फक्त क्रियापद आपल्या सवयीने शेवटी गेलं. त्यात गोंधळ कसला? उलट तिच्या दोन्ही भाषा पक्क्या आहेत, याचीच ती खूण.

उपाय साधा आहे. आधी कर्ता, लगेच क्रियापद, बाकीचं नंतर. आजीशी झालेल्या बोलण्यातली पाच वाक्यं रोज रात्री अशी मांडून लिहायची.

वडील थोडा वेळ गप्प होते. मग मुलीला म्हणाले, "चल, अज्जी जेवायची थांबली असेल."

मुलीने मान वर केली. वही मात्र विसरली नाही.