गेरू-चुना आणि मागचा ओटा



फौजेतला जुना विनोद तुम्हाला ठाऊक असेलच. जे हलतं त्याला सॅल्यूट ठोका, जे हलत नाही त्याला गेरू-चुना लावा. विटा, दगड, झाडांचे बुंधे, फुटपाथच्या कडा, काही सुटत नाही. विटेचं त्यात काही बिघडत नाही. लाकडाचं बिघडतं, आणि आजची तक्रार तेवढ्यापुरतीच आहे.

भिलाईत आमच्या क्वार्टरच्या मागे एक लाकडी ओटा आहे. हल्ली त्याला डेक म्हणतात. आधी राहून गेलेल्या कुणीतरी सालाच्या फळ्या ठोकून तो केला. साल हा छत्तीसगडचा राज्यवृक्ष. लाकूड इतकं चिवट की एके काळी रेल्वेच्या रुळांखाली सालाचे स्लीपर असत. १९५९ साली इथली पहिली धमनभट्टी पेटली. त्यानंतर या गावाने देशभर पाठवलेले कितीतरी रूळ अशाच लाकडावर टेकले असतील. आता ती जागा सिमेंटच्या स्लीपरने घेतली आहे. सांगायचा मुद्दा हा, की हे लाकूड नाजूक नाही. त्याला आपण मारतो.

गेल्या श्रावणात शेजारच्या हवालदारसाहेबांच्या सहा वर्षांच्या मुलीचा पाय त्या ओट्याच्या फळीतून आरपार गेला. पोटरीला नऊ टाके पडले. फळी वरून चकचकीत होती. आत बोट घातलं तर भिजलेल्या बिस्किटासारखा भुगा. निघालेल्या पोपड्याच्या कडेला मी थर मोजले, पाच निघाले. म्हणजे निदान पाच वेळा कुणीतरी हा ओटा ‘नीट’ केला होता.

असं का होतं? इथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि जूनच्या मध्यावर पाऊस येतो. लाकूड उन्हात आकसतं, पावसात फुगतं. वरचा रंग किंवा वॉर्निशचा पापुद्रा तेवढा ताणला जात नाही, त्याला बारीक भेगा पडतात. भेगेतून पाणी आत शिरतं, पण त्याच पापुद्र्यामुळे बाहेर पडू शकत नाही. लाकडात साधारण २० टक्क्यांहून जास्त ओल टिकून राहिली की बुरशीला रान मोकळं, मागोमाग वाळवी. बिनरंगाचं पारदर्शक वॉर्निश तर आणखी वाईट. ऊन त्यातून आरपार जाऊन लाकडाचा वरचा थरच सडवतं, आणि वॉर्निश धरणार कशाला?

बाहेरच्या लाकडाला पापुद्रा नको, आत मुरणारं काहीतरी हवं. हे आपल्याला नवीन नाही. माझ्या ट्रेनिंगला अजून लाकडी बटाची एसएलआर होती. उस्ताद कच्चं जवसाचं तेल दोन थेंब तळहातावर घ्यायला लावायचे आणि बट गरम लागेपर्यंत चोळून घ्यायचे. चमक दिसली की ओरडायचे, कारण चमक म्हणजे तेल वरच राहिलं. क्रिकेटची बॅट आपण अशीच सांभाळतो. इन्सास आली, लाकूड गेलं, आणि ही अक्कलही गेली.

ओट्याला मात्र नुसतं जवस तेल पुरत नाही. पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते. रंगद्रव्य आणि बुरशीनाशक असलेलं, तेलात कालवलेलं स्टेन घ्या. रंगद्रव्य हवंच, ऊन तेच अडवतं. आधी जुना थर पूर्ण खरवडा. ६० किंवा ८० नंबरचा पॉलिश पेपर पुरे; फार गुळगुळीत केलं तर छिद्रं बुजतात आणि स्टेन मुरत नाही. तारेचा घासा वापरू नका. लोखंडाचे कण लाकडात अडकतात आणि लाकडातल्या टॅनिनशी मिळून काळे डाग पडतात. खिळ्यांभोवतीचा काळेपणा तोच. तो ऑक्झॅलिक ॲसिडने जातो, पण ते विष आहे. हातमोजे घाला, मुलं लांब ठेवा, नंतर भरपूर पाण्याने धुऊन फळ्या नीट वाळू द्या. मग पाण्याचे चार थेंब टाका. थेंब मण्यासारखे उभे राहिले तर अजून खरवडायचं आहे. शोषले गेले तर लाकूड तयार आहे. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना दोनदा पाजा, सगळ्यात जास्त पाणी तिथूनच पितात. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं फडक्याने पुसून घ्या, नाहीतर आठवडाभर चिकटत बसेल.

हे काम करायचं कधी? दिवाळीनंतर. लाकूड वाळलेलं असतं, ऊन सौम्य असतं. आपण करतो मे महिन्यात! कारण पोस्टिंग मुलांच्या परीक्षा झाल्यावर निघते, क्वार्टर हँडओव्हर करायचं असतं आणि ओटा चमकायला हवा असतो. तापलेल्या फळीवर रंग मुरायच्या आत वाळतो, महिन्याभरात पाऊस. तोपर्यंत आपण जम्मूला किंवा जोधपूरला.

माझा राग कुणा एकावर नाही, त्या कागदावर आहे. हँडओव्हरच्या यादीत पंखे, नळ, ट्यूबलाइट, काचा, सगळं मोजलं जातं. लाकडाला शेवटचं तेल कधी पाजलं, हा रकाना कुठेच नाही. एक ओळ वाढवायला काय लागतं? रायफलीची हिस्ट्री शीट असते, गाडीची लॉगबुक असते. ज्यावर आपली पोरं उड्या मारतात त्याची का नको? ‘तीन वर्षांसाठी कोण एवढं करतो’ असं म्हणणारे भेटतात. पण आपल्या आधीचाही तीन वर्षांसाठीच होता आणि पुढचाही तेवढ्यासाठीच येणार आहे.

हो, एक राहिलं. पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि फडकं काडी न लावता आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर मोकळ्यावर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. स्टोअररूममध्ये तर अजिबात नको.