शरणपूरचे आफ्रिकी विद्यार्थी

सुटीच्या दिवशी सकाळी वीसपंचवीस सुशिक्षित स्त्रीपुरुषांनी एखाद्या जाणत्या गृहस्थामागून जुन्या शहरात हिंडावे, वाडे, वेशी, देवळे पाहावीत व उन्हे चढली म्हणजे मिसळ खाऊन घरी परतावे, हा प्रघात आपल्या मोठ्या शहरांत आता रुळला आहे. प्रघात चांगला आहे. मिसळीविषयीही आमची तक्रार नाही. आमचा आक्षेप आहे तो या वारसा-फेऱ्यांतून वगळल्या जाणाऱ्या माणसांविषयी. वाडा कोणी बांधवला हे तारीखवार सांगितले जाते. परंतु जे या शहरांत राहिले आणि मागे एकही दगड न ठेवता गेले, त्यांच्या वाट्याला क्वचितच एखादे वाक्य येते.

नाशिकचेच पाहा. शरणपूर रस्ता सर्व नाशिककरांच्या पायाखालचा आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिशनऱ्यांनी जी वसाहत केली, तीत पुढे आफ्रिकी मुलांसाठी आश्रम निघाला. पूर्व आफ्रिकेतून पळवलेली माणसे गलबतांत कोंबून अरबस्तानाकडे नेली जात. ब्रिटिश आरमार त्यांतील काही गलबते पकडी, आणि सुटलेल्यांपैकी काही मुले मुंबईस उतरवली जात. त्यांतली काही नाशिकास आली. येथे ती इंग्रजी शिकली, लोहारकाम-सुतारकाम शिकली. मिशनने त्यांची नावेही बदलली, हे विसरून चालणार नाही. ज्याने साखळी तोडली त्याने नाव ठेवून घेतले, असा हा व्यवहार होता.

यांपैकीच जेकब वेनराइट. 1873 साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला, तेव्हा त्याच्या आफ्रिकी सोबत्यांनी त्याचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले व देह हजार मैलांहून अधिक वाट तुडवून समुद्रकिनाऱ्यावर आणला. त्या दफनाच्या वेळी प्रार्थना वाचली ती वेनराइटने. झाडावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. आणि त्या प्रवासाची रोजनिशी त्याने लिहिली. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत लिव्हिंग्स्टनची शवपेटी वाहणाऱ्यांत हा शरणपूरचा विद्यार्थी होता. त्या यात्रेतला दुसरा सोबती चुमा हाही मुंबईस डॉ. विल्सन यांच्या शाळेत काही काळ शिकला होता. पुढे 1875 मध्ये मोंबासाजवळ मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचे नाव तिला मिळाले, आणि तिच्या उभारणीत नाशिकहून गेलेले हे लोक होते. तेथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणत. याच नावाने लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने 2007 साली त्यांच्यावर प्रदर्शन भरवले. लंडनमध्ये ज्यांची चित्रे भिंतीवर लागली, त्यांचे नाव नाशिकच्या किती सुशिक्षित घरांत उच्चारले जाते, हे वाचकांनी स्वतःच्या घरापासून तपासून पाहावे.

यावर एक उत्तर ठरलेले आहे. गुलामगिरी हे अमेरिकेचे व इंग्लंडचे पाप. आपल्याकडे तो विषय उकरून काढण्याचे कारण काय? पेशवे दफ्तरातील कुणबिणींचे व बटकींचे उल्लेख ज्याने चाळले आहेत, तो असे बोलणार नाही. शिवाय मलिक अंबर हा कोण होता? हबसाणात जन्मलेला, बाजारात विकला गेलेला, आणि हात बदलत अहमदनगरच्या निजामशाहीत आलेला गुलाम. त्याने 1610 साली खडकी वसवली, नहर आणून शहरास पाणी दिले, आणि 1624 साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. तो पराक्रमी निघाला म्हणून आपण त्याचे नाव घेतो. त्याच बाजारात जे विकले गेले आणि वजीर झाले नाहीत, त्यांच्याविषयी आपण मुकाट असतो. जंजिऱ्याचा शिदी तर आपल्या पाठ्यपुस्तकांत केवळ शत्रू म्हणूनच उभा आहे. तो शत्रू होता हे खरेच. पण हे आफ्रिकी लोक आपल्या किनाऱ्यावर आले कसे, हा प्रश्न किल्ल्यात होडीने जाणाऱ्या शंभरांपैकी एकाच्या तरी मनात येतो काय?

‘जुन्या जखमा उकरल्याने कलह वाढतो’ म्हणणाऱ्यांनी ब्रिस्टलकडे पाहावे. त्या बंदराने गुलामांच्या व्यापारावर पैसा केला. तेथल्या नागरिकांनी अभ्यासकांच्या मदतीने त्या व्यापाराच्या खुणा दाखवणारी पायवाट आखली. नेव्हिस बेटावरून आणलेल्या पेरो नावाच्या गुलामाचे नाव 1999 साली एका पुलाला दिले गेले. त्यातून कोणाचे काही बिघडले नाही. बिघडले ते जेथे सत्य लिहिण्यास टाळाटाळ झाली तेथे. गुलामांचा व्यापारी कोल्स्टन याच्या पुतळ्यावर खरी हकीकत सांगणारी पाटी लावावी की नाही, लावली तर शब्द कोणते, याचा घोळ वर्षानुवर्षे चालला. पाटी लागली नाहीच, आणि 7 जून 2020 रोजी जमावाने पुतळाच ओढून बंदरात लोटला.

आता फेऱ्या काढणाऱ्या मंडळींस दोन शब्द. हबशांचा विषय घेतलाच, तर शेवटी ढोलवाले शिदी बोलावून त्यांना अर्धा तास नाचवणे आणि टाळ्या वाजवून पांगणे, एवढ्यावर कृपा करून भागवू नये. हा त्यांच्या इतिहासाचा मान नव्हे; हा तमाशा होय, आणि तोही फुकट पाहिलेला. मुंबईच्या डोंगरीत शिदी राहत आले आहेत. एके काळी आगबोटींच्या भट्ट्यांत कोळसा टाकण्याचे काम याच लोकांनी केले. त्या गल्ल्यांतून फेरी न्यायची असेल, तर पुढे चालावे त्यांच्यातल्याच एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने, बोलावेही त्यानेच. प्राध्यापकांनी (आमच्यासह) मागे राहून टिपणे घ्यावीत. आणि त्या गृहस्थांच्या हाती, एखाद्या व्याख्यात्यास आपण देतो तेवढेच मानधन, पाकिटात घालून, फेरी निघण्यापूर्वी द्यावे.

शरणपुरात पाहण्यासारखे काही उरले नाही, अशी अडचण कोणी सांगेल. तर मग तेथे उभे राहून वेनराइटच्या रोजनिशीची चार पाने मराठी करून वाचावीत. त्यासाठी ती आधी मराठीत आणावी लागेल, आणि ते काम नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयाने या वर्षीच हाती घ्यावे.