वीस हजारांची वायर आणि दोन बादल्या पाणी

धाकट्याने पुण्याहून येताना बाबांच्या सेटसाठी एक वायर आणली. (तो हा ब्लॉग वाचतो, तेव्हा जरा जपून लिहितोय.) सहा फुटांची, धामणीसारखी जाड, दोन्ही टोकांना सोन्याचा मुलामा. ॲम्प्लिफायरला वीज देणारी वायर. किंमत आधी सांगेना, मग म्हणाला वीस हजार.

झालं होतं असं की दोन उन्हाळे सेटमधून गाण्याच्या मागे घूं असा आवाज यायचा. मी कधीमधी रेकॉर्ड लावायचो, पण सेट जुना झाला म्हणून सोडून द्यायचो. धाकट्याचं निदान असं की आपल्याकडची वीज 'स्वच्छ' नाही. वायर लावली. घूं जागच्या जागी.

आता माझं म्हणणं. भंडाऱ्यापर्यंत वीज येते ती शेकडो किलोमीटर ॲल्युमिनियमच्या तारांवरून, मग आमच्या गल्लीतल्या डीपीतून, जिच्यावर दर पावसाळ्यात वेल चढतो. शेवटच्या सहा फुटांत तिला सोनं दाखवून काय व्हायचंय? स्पीकरच्या वायरचंही तेच. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण साडेसात ओहम. स्पीकर पाच मीटरवर ठेवला तर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे 0.075 ओहम. स्पीकर स्वतः 8 ओहमचा. एक टक्कासुद्धा होत नाही, आणि ही वायर चौकातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मीटरवर मिळते.

शेवटी वायरमनला बोलावलं. त्याने ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला टेस्टर टेकवला, टेस्टर पेटला. "भाऊ, तुमची अर्थिंगच लागून नाही राहिली." मागच्या अंगणात कोळसा-मीठ घालून पुरलेली प्लेट, आणि वर मे महिन्याचं ऊन. जमिनीत ओल नसेल तर अर्थिंग नावालाच. सुईतून येणारा सिग्नल असतो जेमतेम पाच मिलिव्होल्टचा. ॲम्प्लिफायर तो शेकडो पटींनी वाढवतो, त्यात 50 हर्ट्झची घरघर शिरली की तीही तितकीच वाढते. संध्याकाळी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं. सकाळी सेट लावला तर घूं गायब.

दुपारी जेवताना बाबा म्हणाले, "म्हणजे तो आवाज सेटमधला होता?"

हे ऐकून माझा घास हातातच राहिला. दोन वर्षं बाबा समजत होते की आपले कान गेले. गाणं लावलं की कान घुमतात, वय 81, आता असंच चालायचं. आम्हाला ताप नको म्हणून बोलले नाहीत, हळूहळू रेकॉर्ड लावणंच सोडलं. आणि आम्ही दोघं भाऊ फोनवर म्हणायचो, बाबांना हल्ली टीव्ही आवडायला लागला.

असो. पैसे खर्च करायचेच असतील तर सुईवर करावेत. हिऱ्याची असली तरी तिचं आयुष्य साधारण 500 ते 1000 तास. बाबा पूर्वी वहीत तास लिहून ठेवायचे. आमचं कार्ट्रिज शुअरचं. त्या कंपनीने 2018 साली कार्ट्रिज बनवणं बंद केलं, पण जपानच्या जिकोने बनवलेली सुई त्याला बसते. धुळीला कार्बन फायबरचा ब्रश, टर्नटेबल सपाट बसलाय का ते बघायला गवंड्याकडे असते तसली लेव्हल. रेकॉर्ड उभ्या ठेवायच्या, आणि पश्चिमेच्या भिंतीला अजिबात नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यांचा पापड होतो. रेकॉर्डवर ठेवायचं पितळी वजन परदेशी घेतलं तर हजारोंत जातं. मी आमच्या पितळेच्या गावात एका कासाराकडून करून घेतलं. त्याने विचारलं, "हे कोणत्या देवाचं?"

आता कबुली द्यायची ती देतो. बाबांची वही बंद पडल्यावर मी झिजलेल्या सुईवर रेकॉर्ड लावत राहिलो. त्यात 'कट्यार काळजात घुसली'ची एलपी होती. नाटक 1967 चं, खाँसाहेब वसंतराव देशपांडे, आणि वसंतराव म्हणजे आमच्या विदर्भाचे. झिजलेली सुई खाचेच्या भिंती खरवडते. आधी जातात त्या वरच्या पट्टीतल्या ताना, आणि त्या कुठल्याही वायरीने परत येत नाहीत.

नवी सुई आली त्या संध्याकाळी बाबांनी नेमकी तीच रेकॉर्ड मागितली. मी लावली आणि उगाच कपाट आवरत उभा राहिलो. पहिली बाजू संपत आली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"धाकट्याला सांग, वायर चांगली आहे." मग जरा थांबून, "पण इथं रेकॉर्ड घासली आहे. कोणी लावली होती?"

ओरडा खाताना इतका आनंद मला शाळेतही कधी झाला नव्हता. वायरीचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. धाकट्या, तूही सांगू नकोस.