सिझेरियननंतरची नैसर्गिक प्रसूती : वैद्याचे कार्य आणि वैद्याची मर्यादा

अकोल्याच्या जुने शहरात चिकित्सा करीत असता दुसऱ्या खेपेच्या गर्भिणी आणि त्यांच्यासोबत आलेल्या सासू वा आई आम्हास एक प्रश्न हमखास विचारतात : "पयलं सिझर झालं, आता नार्मल होईन काय?" या प्रश्नास समाजात दोन उत्तरे प्रचलित आहेत. पहिले उत्तर असे की, एकदा सिझर झाले म्हणजे पुढेही सिझरच. दुसरे उत्तर दुर्दैवाने आपल्याच व्यवसायबंधूंपैकी काहींच्या फलकांवर वाचावयास मिळते : आमची गर्भिणी परिचर्या घ्या, प्रसूती नैसर्गिकच होईल. ही दोन्ही उत्तरे गर्भिणीची परीक्षा न करताच दिलेली असतात, म्हणून दोन्ही आम्हास त्याज्य वाटतात. तिसऱ्या, अधिक कष्टाच्या उत्तराचा विचार संघटनेच्या सभासदांनी करावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

पहिल्या उत्तराचा उगम पाहण्यासारखा आहे. न्यूयॉर्क येथील प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रेगिन यांनी १९१६ साली ते वचन लिहिले. त्या काळी गर्भाशयाच्या वरच्या, जाड व आकुंचनशील भागावर उभा छेद घेतला जात असे, आणि असा छेद पुढील प्रसूतीच्या कळांत उसवण्याचे भय खरोखरच मोठे होते. पुढे १९२० च्या दशकात ग्लासगो येथील मन्रो कर यांच्या पुरस्काराने गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावरील आडवा छेद रूढ झाला. आज बहुसंख्य शस्त्रक्रिया याच पद्धतीने होतात. छेद बदलला, तरी वचन मात्र लोकांच्या तोंडी तसेच राहिले.

हा प्रश्न आता थोड्या स्त्रियांचा राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सिझेरियन प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के होते. ते २०१५-१६ मध्ये १७.२ टक्के आणि २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के झाले. महाराष्ट्रात ते सुमारे २५ टक्के, तर देशभरातील खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के आढळले. आज पहिले सिझेरियन झालेली प्रत्येक स्त्री उद्या हाच प्रश्न घेऊन कोणा ना कोणा वैद्याच्या दारी येणार आहे.

आधुनिक प्रसूतिशास्त्राचे आजचे मत असे : पूर्वी एकच सिझेरियन झालेले आहे, छेद खालच्या भागावर आडवा आहे आणि अन्य प्रतिबंध नाही, अशा स्त्रीस नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करण्याची संधी द्यावी. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार असे ७२ ते ७५ टक्के प्रयत्न यशस्वी होतात. पूर्वी एखादी प्रसूती नैसर्गिक झालेली असेल तर हे प्रमाण ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत जाते. उलट बाजूस, कळा सुरू असता गर्भाशय विदीर्ण होण्याची घटना सुमारे २०० स्त्रियांत एकीस घडते. ही संख्या लहान खरी, परंतु ज्या घरी ती घडते तेथे माता आणि बालक दोघांचे प्राण काही मिनिटांच्या अंतरावर असतात. वरच्या भागावरील उभा छेद, पूर्वी गर्भाशय विदीर्ण झाल्याचा इतिहास किंवा गर्भाशयमुखावर आलेली वार असेल, तर हा प्रयत्न करूच नये.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात व्रण शब्दाची निरुक्ती सांगताना म्हटले आहे की, व्रण रुजला तरी त्याची खूण देह असेतोवर नाहीशी होत नाही. गर्भाशयावरील व्रणाचा विचार करताना आम्हास हे वचन फार महत्त्वाचे वाटते. पोटावरील टाके वाळले, स्त्री कामाला लागली, म्हणून गर्भाशय पूर्ववत झाले असे मानता येत नाही. चरकसंहितेतील शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात प्रसवकाळीच्या एका वादाचा उल्लेख आहे. कळा मंद असलेल्या स्त्रीस मुसळ देऊन धान्य कांडावयास लावावे असे काहींचे मत होते. आचार्यांनी ते खोडून काढले. त्या वेळी सर्व दोषधातू चलित झालेले असतात आणि अशा व्यायामाने प्रकुपित झालेला वायू प्राणघात करू शकतो, असे कारण दिले. आवी आलेली नसता प्रवाहण करू नये, हाही उपदेश तेथेच आहे. ज्या शास्त्राने निर्व्रण गर्भाशयाच्या बाबतीत एवढा संयम सांगितला, त्याच शास्त्राचे नाव घेऊन व्रणयुक्त गर्भाशयात कळा आणण्याचे उपाय करणे शास्त्रविरोधी होय.

म्हणून काय करू नये हे आधी स्पष्ट सांगणे अगत्याचे आहे. नवव्या महिन्यात दुधातून एरंडतेल देण्याची रीत वऱ्हाडातील अनेक घरांत आहे. एरंडतेलातील रिसिनोलेइक आम्ल गर्भाशयाच्या स्नायूंतील प्रोस्टाग्लँडिनच्या एका ग्राहीवर कार्य करून आकुंचन घडविते, हे २०१२ साली जर्मनीतील संशोधकांनी दाखविले आहे. तेव्हा ते केवळ कोठा साफ करणारे निरुपद्रवी द्रव्य समजू नये. कळलावी तर नावातच आपले कर्म सांगते. ती उपविष आहे, हे विसरू नये. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आणि कळा वाढविण्यासाठी दिले जाणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन यांना वैद्याने अशा गर्भिणीच्या बाबतीत हात लावू नये. आठव्या महिन्यातील आस्थापन बस्ती आम्ही या स्त्रियांत वर्ज्य मानतो. नवव्या महिन्यातील अनुवासन व पिचू यांचा विचार करावयाचा झाल्यास तो प्रसूतितज्ज्ञांस कळवून, त्यांच्या संमतीनेच करावा.

मग वैद्याने करावयाचे काय? आमच्या मते पुष्कळ आहे, आणि त्याचा आरंभ दुसऱ्या गर्भधारणेच्या बराच आधी होतो.

पहिले कार्य कागदांचे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते. सिझेरियन वाशीमला वा अकोटला होते, आणि दुसऱ्या खेपेस स्त्री अकोल्यास सासरी असते. शस्त्रक्रियेचे कागद माहेरच्या कपाटात राहतात किंवा हरवतात. छेद उभा की आडवा, खालच्या भागावर की वरच्या, शस्त्रक्रिया कोणत्या कारणाने झाली, नंतर ज्वर वा जंतुसंसर्ग झाला काय, या प्रश्नांची उत्तरे त्या कागदांतच असतात. पोटावरील व्रणाच्या आडवेपणावरून गर्भाशयावरील छेदाचे अनुमान करता येत नाही. मूल पायाळू होते म्हणून सिझेरियन झाले असेल, तर ते कारण दुसऱ्या वेळी असेलच असे नाही. कळा पूर्ण येऊनही प्रसूती अडली असेल, तर यशाची शक्यता कमी होते. म्हणून सूतिका सव्वा महिन्याच्या आत आपल्याकडे येते तेव्हाच तिचे कागद मागावेत आणि त्यांची प्रत आपल्या नोंदवहीत ठेवावी.

दुसरे कार्य अंतराचे. दोन प्रसूतींमध्ये १८-१९ महिन्यांपेक्षा कमी अंतर असेल तर व्रण उसवण्याची जोखीम वाढते. सूतिका परिचर्येत आपण मेथीचे लाडू, अभ्यंग, शेकशेगडी हे सर्व सांगतो. त्याच श्वासात गर्भनिरोधाचाही विषय पतीच्या समक्ष काढावा.

तिसरे कार्य गर्भिणीच्या बलाचे. पांडुरोग, प्रमेह आणि अतिरिक्त वजनवाढ या तीन गोष्टींवर वैद्याची नजर पहिल्या तिमाहीपासून असली पाहिजे. विदर्भात सिकलसेलची तपासणी राहून जाऊ देऊ नये. मासानुमासिक परिचर्येतील मधुर, स्निग्ध व द्रवप्रधान आहार, रोजचे चालणे, निद्रा आणि मनःप्रसाद यांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. भयभीत स्त्रीस धीर देणे हे औषधच आहे. चरकाचार्यांनी सूतिकागारात अनेक वेळा प्रसूत झालेल्या, स्नेहशील व क्लेश सोसणाऱ्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले, त्यामागील हेतू हाच आहे.

चौथे कार्य स्थाननिश्चितीचे. असा प्रयत्न घरी किंवा शस्त्रक्रियेची सोय नसलेल्या प्रसूतिगृहात होऊ नये. गर्भाच्या हृदयस्पंदनांवर अखंड लक्ष, रात्रीही उपलब्ध असणारे भूलतज्ज्ञ, सिद्ध शस्त्रक्रियागृह आणि रक्त, या चार गोष्टी जेथे आहेत तेच स्थान योग्य. जुने शहरातील गर्भिणीने मोर्णा ओलांडून जिल्हा स्त्री रुग्णालयात वा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावयाचे की खाजगी रुग्णालयात, हे आठव्या महिन्यातच ठरले पाहिजे. तेल्हारा वा पातूरच्या खेड्यातील गर्भिणीने शेवटच्या आठवड्यांत अकोल्यातच मुक्कामास यावे. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन व वाहन विनामूल्य आहे, हेही कुटुंबास सांगावे. दोन कळांच्या मधेही न थांबणारी वेदना, व्रणस्थानी दुखणे, रक्तस्राव अथवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब नको.

येथे एक आक्षेप येईल : दुसऱ्या सिझेरियनसोबतच कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया उरकते, मग हा खटाटोप कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे. दोन अपत्यांवर थांबणाऱ्या स्त्रीस सर्व माहिती घेऊन पुन्हा सिझेरियन निवडावेसे वाटले, तर तो तिचा विवेक होय. त्यात तिची हार नाही आणि वैद्याने तसे भासवूही नये. परंतु ज्या घरी तिसऱ्या अपत्याची शक्यता आहे, तेथे प्रत्येक सिझेरियनगणिक वार व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढत जातो, हे सांगणे आवश्यक आहे. शिवाय नैसर्गिक प्रसूतीनंतर स्त्री लवकर हिंडूफिरू लागते, ही गोष्ट शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबात लहान नव्हे.

संघटनेपुढे आमच्या तीन सूचना आहेत. हमखास नैसर्गिक प्रसूतीचे आश्वासन देणारे फलक व पत्रके सभासदांनी काढून टाकावीत. छेदाचा प्रकार, शस्त्रक्रियेचे कारण व दिनांक नोंदविता येईल असे एकपानी मराठी पत्रक संघटनेने छापून प्रत्येक सूतिकेस द्यावे. आणि जिल्हा शाखांनी स्थानिक प्रसूतितज्ज्ञांसमवेत वर्षातून एकदा तरी बैठक घ्यावी, म्हणजे आपण पाठविलेली गर्भिणी त्यांना परकी वाटणार नाही आणि तिने घेतलेली औषधे त्यांच्यापासून लपविली जाणार नाहीत.

प्रसूती यशस्वी झाली याचा अर्थ माता व बालक सुखरूप घरी आले, एवढाच आपण मानावा. मार्ग कोणता हा त्यानंतरचा प्रश्न होय. सुज्ञ वैद्यवर्गाने या सूचनांवर आपली मते अवश्य कळवावीत, ही विनंती.