उभ्या नळ्यांचा हिशेब

भातसा धरणाचे पाणी वाशिंदजवळून वाहत पिसे येथे पोचते आणि तेथून उचलून मुंबईला नेले जाते. महानगराच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे या एका धरणाचे. धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे, तेथील पाडे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. म्हणून माझगाव गोदीत बांधलेली 'सुरत' ही विनाशिका १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झाली, तेव्हा 'क्षेपणास्त्रे की पाणी?' ही घोषणा सुचणे स्वाभाविक होते. घोषणा सभेत टाळ्या घेईल, पण ती अपुरी आहे. पाडे तहानलेले आहेत ते केवळ पैशाअभावी नव्हे. उशाशी असलेल्या पाण्यावर त्यांचा हक्क मानला गेला नाही म्हणून.

हिशेब मागायचा तो त्या जहाजाच्याच अंतरंगात शिरून मागावा. 'विशाखापट्टणम' वर्गाच्या या चार नौकांपैकी प्रत्येकीच्या डेकखाली उभ्या नळ्या बसविल्या आहेत: १६ ब्राह्मोससाठी, ३२ बराक-८ साठी. जुन्या पद्धतीत प्रक्षेपक लक्ष्याकडे वळवावा लागे आणि तो अडकला की सारेच ठप्प होई. उभ्या नळीतले क्षेपणास्त्र आधी सरळ वर जाते, मग हवेतच दिशा घेते. एक नळी बिघडली तरी उरलेल्या कामाच्या राहतात. तंत्र निःसंशय सरस आहे. परंतु रिकामी झालेली नळी भर समुद्रात भरण्याचे प्रयोग अमेरिकाही २०२४ पर्यंत करीतच होती. सामान्यतः जहाजाला बंदर गाठावे लागते, क्रेन लागते आणि मुख्य म्हणजे दुसरे क्षेपणास्त्र तयार असावे लागते.

अर्थशास्त्राच्या भाषेत, जहाज हा भांडवली खर्च. नळी भरलेली ठेवणे हा न संपणारा चालू खर्च. मार्च २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ब्राह्मोस क्षेपणास्त्रांसाठी १९,५१८.६५ कोटी रुपयांचा करार केला, यावरून त्याचा आवाका कळतो. तांबड्या समुद्रात हुथींच्या काही हजार डॉलरच्या ड्रोनवर अमेरिकी नौकांनी सुमारे वीस-वीस लाख डॉलरची क्षेपणास्त्रे खर्ची घातली. हल्लेखोर स्वस्तात नळ्या रिकाम्या करतो, ही या युद्धाची खरी किंमत. (जानेवारी २०२४ मध्ये एडनच्या आखातात पेटलेल्या 'मार्लिन लुआंडा' तेलवाहू जहाजाच्या मदतीला 'विशाखापट्टणम'ने धाडले ते दहा जणांचे अग्निशामक पथक; त्या जहाजावर बावीस भारतीय होते.)

नळ्यांत किती क्षेपणास्त्रे आहेत हे शत्रूला कळू नये, हे मान्यच. पण त्या भरलेल्या ठेवण्याचा वीस वर्षांचा अंदाजी खर्च संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे जहाजाच्या मंजुरीबरोबरच मांडण्यात कोणते गुपित फुटते? गावच्या नळयोजनेला देखभालीचा खर्च कोण सोसणार हे आधी विचारले जाते. तोच प्रश्न माझगावच्या गोदीलाही लागू करावा.