चित्रफितीचे नामकरण

नाशिकच्या उत्तरेस म्हसरूळजवळ जो डोंगर आहे, त्यास जैन यात्रेकरू गजपंथ म्हणतात. पंचक्रोशीतील लोक त्यालाच चामरलेणी म्हणून ओळखतात. एखाद्या कुटुंबाने तेथील दर्शनाचे उत्तम चित्रण केले आणि यूट्यूबवर ठेवताना त्यास 'आमची यात्रा, भाग 2' असे नाव दिले, तर ती चित्रफीत कोणाला सापडावी? इंदूरचा यात्रेकरू 'गजपंथ' शोधतो, नाशिकचा डोंगर चढणारा तरुण 'चामरलेणी' शोधतो. 'आमची यात्रा' कोणीच शोधत नाही. शोधणाऱ्याचे शब्द शीर्षकाशी, वर्णनाशी आणि आशयाशी किती जुळतात, हे तेथे पाहिले जाते. 'गजपंथ, चामरलेणी, नाशिक : पायऱ्यांच्या मार्गाने दर्शन' एवढे लिहिले असते, तर दोघांचीही सोय झाली असती.

शीर्षकास 100 अक्षरांची मर्यादा आहे. मात्र मोबाइलच्या पडद्यावर त्यातील पुढचा भागच दिसतो. म्हणून दुकानाच्या पाटीप्रमाणे मालाचे नाव आधी, मालकाचे नंतर. दादासाहेब फाळके यांना हे उमगले होते. त्र्यंबकेश्वरी 1870 मध्ये जन्मलेल्या या गृहस्थांनी 1913 मध्ये पहिल्या चित्रपटासाठी प्रेक्षकांना आधीच ठाऊक असलेले राजा हरिश्चंद्राचे नाव घेतले. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये तर काय पाहावयास मिळणार, ते नावातच आले.

टॅगविषयी तरुण मंडळींचा गैरसमज मोठा आहे. 500 अक्षरांची ती जागा भरली की प्रेक्षक धावत येतील, असे त्यांना वाटते. टॅगांचा वाटा अल्प आहे आणि ज्या शब्दाच्या लेखनात लोक वारंवार चुकतात तेथेच ते उपयोगी पडतात, असे खुद्द यूट्यूबच सांगते. मराठी व्यापाऱ्याच्या बाबतीत हा अपवाद मात्र बराच व्यापक ठरतो. येवला हे नाव रोमन लिपीत कोणी 'ओ' घालून लिहितो, कोणी 'व्ही' घालून. पैठणीचीही तीच गत. ही सारी रूपे टॅगांत घालावीत. वर्णनास 5000 अक्षरांची जागा आहे. पण वाचक उघडून पाहण्यापूर्वी पहिल्या एकदोन ओळीच दिसतात. साडी हातमागावरची की यंत्रमागावरची, हे तेथेच सांगावे.

'अर्ध्या किमतीत पैठणी' असे शीर्षक देऊन आत केवळ नव्या मालाचे प्रदर्शन मांडणारे दुकानदारही आहेत. गिऱ्हाईक आत येते आणि अर्ध्या मिनिटात निघून जाते. प्रेक्षक किती वेळ थांबला याची नोंद होते आणि पुढे ती चित्रफीत इतरांना सुचवली जाणे घटते. फसव्या शीर्षकाची चित्रफीत नियमानुसार काढूनही टाकता येते. वर्णनात टॅगांचा ढीग ओतणे हाही नियमभंगच. हॅशटॅग 60 हून अधिक झाले तर सगळेच दुर्लक्षिले जातात. खतावणीत खोट्या शीर्षाखाली रक्कम टाकणाऱ्यास ताळेबंदाच्या दिवशी जे भोगावे लागते, तेच येथे रोज घडते.

लोक कोणते शब्द लिहून चित्रफितीपर्यंत पोहोचले, हे यूट्यूब स्टुडिओत मालकास पाहता येते. महिन्यातून एकदा ती यादी वाचून शीर्षक सुधारावे. त्यासाठी पुन्हा चित्रण करावे लागत नाही. अनेक घरांत आजोबांच्या पारण्याचे, जुन्या पेढीच्या चोपडापूजनाचे चित्रण कॅमेऱ्याने दिलेल्या आकड्यांच्या नावानेच पडून आहे. त्यांवर गाव, वर्ष आणि माणसांची नावे घालण्यास एक दुपार पुरेल, आणि ती नावे सांगू शकणारी वडीलधारी माणसे अजून घरात आहेत.